शब्दांची धार

पुष्पलता गावंडे यांचं डोकं दुखायला लागलं की साऱ्या कचेरीला कळायचं. त्या कपाळाला बाम फासून, डोळ्यांवर पदर धरून खुर्चीत मागे रेलून बसायच्या आणि वऱ्हाड जलवाटप मंडळाच्या अमरावती कार्यालयातला अर्धा मजला बामाच्या वासाने भरून जायचा. हे दुखणं कामाचं नव्हतं. गुणवत्ता कक्षात त्यांची हयात गेली होती, अमुक गावाच्या टाकीत किती क्लोरीन लागतं हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. दुखणं होतं बोलण्याचं. वरून येणारा एकेक खरमरीत संदेश वाचला की बाई हबकून जायच्या, दिवसभर तोच उगाळत बसायच्या आणि दुपारपर्यंत डोकं धरायच्या.

म्हणून 'निवांत' आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

'निवांत' ही कार्यालयीन प्रणाली. कागद सरकारी कचेऱ्यांतून हद्दपार झाल्यावर पत्र, टिपण, आदेश, अहवाल सारं काही पडद्यावर आलं होतं, आणि पडदा सगळ्यांना सारखाच होता. 'निवांत'ने तो प्रत्येकाला वेगळा दिला. अक्षर लहान-मोठं करणं, रंग बदलणं, नको ती बटणं लपवणं हे तर जुनंच होतं. नवीन होतं ते डोळे वाचणं. मेंदूवर ताण आला की माणसाच्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पडद्याच्या वर बसवलेला मसुराएवढा कॅमेरा ती बाहुली मोजायचा. पापणी कुठे लवायची थांबली, हात कुठल्या बटणावर घुटमळला हेही टिपायचा. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघायचा, त्याला नाव होतं 'अडखळ'. जिथे तुम्ही अडखळता तिथला रस्ता प्रणाली तुमच्यासाठी सपाट करून ठेवायची. एखादं बटण घाबरवत असेल तर ते आत सरकवायची. एखादा शब्द बोचत असेल तर त्याच्या जागी दुसरा घालायची.

या शेवटच्या सोयीचं नाव होतं 'शब्दांची धार'. पडद्याच्या कोपऱ्यात एक आडवी पट्टी, तिच्यावर एक गोल ठिपका. ठिपका डावीकडे असला की पत्र जसं लिहिलंय तसं दिसे. उजवीकडे सरकवत नेलं की शब्द मऊ होत जात. साहेबांनी "हा काय मूर्खपणा आहे?" असं लिहिलं, तर मध्यावर ठिपका असलेल्याला "यात थोडी सुधारणा हवी" असं दिसे. मूळ मजकूर जात नसे, तो खाली एका बटणामागे असे. आणि मंडळाने नियमच करून टाकला होता की मूळ मजकूर पोचला म्हणजे तो वाचला. कायद्याने हात झटकले होते.

हे सगळं प्रत्येकाला लावून द्यायला दर कार्यालयात एक कर्मचारी शिकवून तयार केला होता. अमरावतीत ती होती हेमांगी तायडे. नियम असा, की हेमांगीने मागे उभं राहून समजावून सांगायचं आणि ज्याचा पडदा त्याने आपला अंगठा लावून आपल्या हाताने बदल करायचे. पण कचेरीत असं कुठे होतं? लोक अंगठा लावायचे, खुर्ची सोडायचे, "मॅडम, तुम्हीच बसा, तुम्हाला कळतं," म्हणायचे आणि चहाला निघून जायचे. याला कोणी चूक म्हणत नव्हतं. उलट शेजारी उभं राहून बघत बसणं म्हणजे मॅडमवर अविश्वास, असाच सगळ्यांचा समज होता.

पुष्पाताईंनीही तेच केलं. "हेमा, बस बाप्पा माया खुर्चीवर. मले यातलं काई समजत नाई. माया डोकशाले आराम भेटला पाह्यजे, बस."

हेमांगीने ठिपका बरोब्बर मध्यावर ठेवला. आठवडाभरात कचेरीतला बामाचा वास गेला. पुष्पाताई गुणगुणत काम करू लागल्या. डब्यात हेमांगीसाठी वेगळी भाकरी आणू लागल्या. हेमांगीला लेकराच्या तापात रजा हवी असली की तिचं काम त्याच आपल्या अंगावर घ्यायच्या. हेमांगीचाही जीव होता त्यांच्यावर. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून ते कुणाला खरं वाटणार नाही.

पडदा यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. कार्यालयातून घरी गेलं तरी फोनवर तोच पडदा सोबत यायचा. हेमांगीचा नवरा प्रमोद चिडून लिहायचा, "आजही उशीर? घर काय धर्मशाळा आहे?" आणि तिला दिसायचं, "तू कधी येतेस? वाट पाहतोय." ती हसत घरी जायची आणि दारात त्याचं तोंड पाहून गोंधळायची. तोंडाला काही ठिपका नव्हता. मग तिने घरापुरती ती सोय बंद केली. शब्द मऊ झाले तरी माणूस तिथल्या तिथेच राहतो, एवढं तिला तेव्हाच कळलेलं होतं.

मग अधीक्षकाची जागा रिकामी झाली.

विभागप्रमुख देशभ्रतार साहेबांनी हेमांगीला आत बोलावलं. "पाहा मॅडम, काम तुम्ही जास्त करता, हे मला दिसतं. पण सेवाज्येष्ठता गावंडे बाईंची आहे. त्यांच्या नावावर काही गडबड नसेल, तर मी तरी काय करणार?"

"बरोबर आहे सर," हेमांगी म्हणाली.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली त्यांची. दोन वर्षं खुर्ची अडवून बसतील, आणि मग वरून कोणालातरी पाठवतील आपल्या डोक्यावर. तुमचा नंबर काही लागत नाही मग." साहेब हे सहज बोलले. साहेबलोक अशा गोष्टी सहजच बोलतात.

त्याच दुपारी पुष्पाताईंनी तिला हाक मारली. अक्षर बारीक दिसत होतं, मोठं करून हवं होतं. त्यांनी अंगठा लावला, उठल्या आणि म्हणाल्या, "तू कर तोवर, मी तुयासाठी चहा सांगून येतो."

हेमांगीने अक्षर मोठं केलं. मग तिचा हात कोपऱ्यातल्या पट्टीकडे गेला. तिच्या मनात काय होतं? फार वाईट नव्हतं. एखाद-दुसरं स्मरणपत्र बाईंच्या नजरेतून सुटेल, एखादं ज्ञापन निघेल, बढतीच्या यादीत नावापुढे एक खूण पडेल. यादी लागली की ठिपका परत मध्यावर आणून ठेवू. कोणाचं काही जात नाही. असं ती स्वतःला सांगत होती आणि तिला ते पटलंही. तिने ठिपका उजव्या टोकाला नेला. टोकाला नेलं की 'मूळ मजकूर' हे बटणही आत सरकतं, कारण त्या बटणानेसुद्धा माणूस अडखळतो.

पुष्पाताई दोन कप घेऊन आल्या. "झालं? वा वं, काय मस्त दिसून रायलं!"

हेमांगीने चहा घेतला. त्यात तिला आवडतं तसं आलं घातलेलं होतं.

पुढच्या दिवसांत पुष्पाताईंइतकी सुखी बाई साऱ्या मंडळात नव्हती. त्यांच्या पडद्यावर कोणी रागावत नव्हतं, कशाची घाई नव्हती, काहीही बिघडत नव्हतं. साहेब चिडून दोनदा विचारायचे तेव्हा त्यांना वाटायचं, साहेब किती आस्थेने चौकशी करतात.

भिलखेडी या गावाच्या टाकीचा प्रयोगशाळेचा अहवाल याच काळात आला. मूळ मजकूर असा होता: "पाण्यात मैला मिसळला आहे. पाणी पिण्यास घातक. पुरवठा तत्काळ बंद करा." पुरवठा बंद करण्याचा आदेश काढणं हे पुष्पाताईंच्या टेबलाचं काम. त्यांच्या पडद्यावर आलं: "भिलखेडीच्या टाकीच्या पाण्यात थोडी सुधारणा करता येईल. सवडीने लक्ष द्यावे." त्यांनी तो अहवाल महिनाअखेरीच्या टाकी सफाईत लावून दिला. दुसरा अहवाल आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी अधिक कडक शब्दांत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्यापर्यंत तितकाच गोड होऊन. हयातभर पाण्याचा नमुना नुसता बघून नाक मुरडणारी बाई, पण नमुना तिच्यासमोर नव्हता. शब्द होते.

भिलखेडीत आधी लेकरं आजारी पडली, मग घरंच्या घरं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक जमिनीवर झोपले होते. एक म्हातारा गेला. दिवस भरत आलेली एक सून गेली आणि तिच्या पोटातलंही गेलं.

बातमी कळली तेव्हा हेमांगी बाथरूममध्ये जाऊन ओकली. मग तोंड धुऊन जागेवर येऊन बसली आणि काम करू लागली. आता ठिपका मागे आणायचा तर आणता येत नव्हता. चौकशी लागली होती. या क्षणी केलेला बदल दिसला असता, आणि कोणी केला हे विचारलं गेलं असतं.

त्या सुनेचा नवरा एक दिवस कचेरीत आला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. त्याने पुष्पाताईंच्या टेबलावर प्लॅस्टिकची बाटली ठेवली. आत टाकीचं पाणी होतं, गढूळ, तळाशी काहीतरी बसलेलं.

"तीन वेळा लिहून आलं होतं म्हणते तुमच्याकडं," तो म्हणाला. "प्या मॅडम. सवडीनं प्या. मी बसतो."

आणि तो खरोखर समोरच्या बाकावर बसला. पुष्पाताई त्या बाटलीकडे पाहत राहिल्या. नुसतं पाहूनच त्यांना कळलं होतं पाण्यात काय आहे ते. त्यांनी बाटली उचलली, झाकण काढलं, आणि देशभ्रतार साहेबांनी धावत येऊन ती हिसकावली नसती तर त्या प्यायल्या असत्या, यात कोणाला शंका नव्हती. पाणी त्यांच्या साडीवर सांडलं. तो माणूस उठून निघून गेला.

संध्याकाळी हेमांगी त्यांच्या घरी गेली. त्याच ओल्या साडीत त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मुलगी पुण्याहून आली होती, पण आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हती.

"हेमा, मले तसं दिसलंच नाई वं," पुष्पाताई म्हणाल्या. "घातक हा शब्द मी पाह्यलाच नाई. पोरीले सांगतो तर ते म्हणते, आई, खोटं नको बोलू. माई पोर म्हणते मले!"

"ताई, तुमच्या पडद्यावर..."

"तू तं मधातच ठेवलं होतं ना थे? मधात ठेवल्यावर इतलं कसं बदलते?"

हेमांगी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"ते म्हणतात मीच शेवटाले नेलं. माया अंगठा हाय म्हणते तिथं. मी काऊन नेईन? मले ते पट्टी कुठं असते तेही ठाव नाई." त्यांनी हेमांगीचा हात धरला. "तू सांगजो त्याईले. तू लावून देतं सगळ्याईले, तुले मालूम हाय. नोकरी गेली तं गेली, मी काई म्हणत नाई. पण हे जाणूनबुजून केलं नाई, एवढं माया पोरीले कळलं पाह्यजे. पोलिसाईले कळलं पाह्यजे."

"सांगते ताई," हेमांगी म्हणाली, आणि त्या क्षणी तिला मनापासून तसंच वाटत होतं.

"आणि हे फोनावर पण तसंच दिसते काय पाय बरं. करून दे बाप्पा सरळ." पुष्पाताईंनी फोनला अंगठा लावला, तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला उठल्या. इतकं होऊनही उठल्या! विश्वासाची सवय अशी एका फटक्याने जात नाही.

हेमांगीने पट्टी उघडली. ठिपका टोकाला होता. तिने बोट त्यावर टेकवलं. मग वाटलं, चौकशी चालू असताना बदल झाला की तारीख उमटेल, आणि आज इथे कोण आलं होतं हे मुलीने पाहिलंय. तिने पट्टी मिटली.

"झालं ताई," ती म्हणाली. "सगळं मूळचं आणलं."

चौकशी अधिकारी खानझोडे मॅडम नागपूरहून आल्या होत्या. बाई सरळ होत्या. जबाब घ्यायची पद्धत अशी, की साक्षीदाराने पडद्यासमोर बसून बोलायचं, प्रणाली मजकूर उतरवणार, आणि साक्षीदाराने वाचून अंगठा लावायचा. पडदा साक्षीदाराचा स्वतःचा असे. कोणावर दडपण नको, हा त्यामागचा हेतू.

"श्रीमती गावंडे म्हणतात की त्यांचा पडदा तुम्ही लावून दिलात. खरं आहे का?"

"हो," हेमांगी म्हणाली.

"शब्दांची धार टोकाला कोणी नेली?"

खोलीत पंखा फिरत होता. हेमांगीने घरून ठरवून आणलं होतं. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, प्रमोद काय म्हणेल याचा विचार करून झाला होता. रात्रभर तळमळून तिने ठरवलं होतं आणि ठरल्यावर तिला झोपही लागली होती.

"मी," ती म्हणाली. "मीच, म्हणजे त्या दिवशी अक्षर मोठं करताना..." आणि ती अडखळली.

तेवढं पुरलं. कॅमेऱ्याने तिची बाहुली मोजली, थांबलेली पापणी मोजली, आणि तिच्या शब्दांखाली दुसरा मजकूर हलकेच उमटला. 'निवांत' असं नेहमीच करायचं. अर्धवट राहिलेलं वाक्य माणसाला जड जाणार नाही अशा तऱ्हेने पूर्ण करून समोर ठेवायचं. घ्यायचं की नाही, हे माणसाच्या हातात. मजकूर होता: "मी श्रीमती गावंडे यांना प्रणालीची सर्वसाधारण माहिती दिली होती. त्या दिवशी त्यांच्या विनंतीवरून अक्षर मोठे केले. इतर बदल त्यांच्या अंगठ्याने झाले आहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हेमांगीने तो मजकूर एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं तिला वाटलं.

खानझोडे मॅडमनी त्यांच्या बाजूच्या पडद्यावर तेच वाचलं. "हेच म्हणायचं आहे का तुम्हाला? विचार करून सांगा. घाई नाही."

त्यांनी थांबून विचारलं होतं, हे हेमांगीला पुढे कधी विसरता आलं नाही. यंत्राने तिला ढकललं नव्हतं. यंत्राने फक्त वाट दाखवली होती, आणि वाट उताराची होती.

"हो," ती म्हणाली, आणि तिने अंगठा लावला.

आदेश निघाला. पुष्पलता गावंडे यांना हलगर्जीपणामुळे झालेल्या मनुष्यहानीबद्दल सेवेतून बडतर्फ करण्यात येत असून, त्यांच्यावर फौजदारी कारवाईची शिफारस करण्यात येत आहे. अपील करायचे असल्यास अमुक तारखेपर्यंत करावे, नंतर कोणतेही म्हणणे ऐकले जाणार नाही. महिनाभराने हेमांगी अधीक्षक झाली. देशभ्रतार साहेबांनी पेढे मागवले. तिने एक पेढा तोंडात टाकला आणि सर्वांचे आभार मानले.

अपिलाच्या शेवटच्या दिवशी पुष्पाताई आल्या. हेमांगीच्या नव्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या, इस्त्रीची साडी नेसून, हातात डबा. त्यांचा चेहरा पाहून हेमांगी खुर्चीतून अर्धवट उठली, कारण त्या हसत होत्या.

"येऊ काय वं, साहेबीण?"

"या ना ताई, बसा."

"तुया जबाब वाचला मी फोनावर. पोरीले पण वाचून दाखवला." त्यांनी फोन काढला, चष्मा लावला आणि एकेक शब्द जपून वाचला. "श्रीमती तायडे यांनी आपल्याबद्दल आपुलकीने माहिती दिली. आपण विनंती केल्यावर त्यांनी मदत केली. असं लिहिलं तू. पोरगी रडली माई. म्हणे, आई, कोणीतरी आहे तुया बाजूनं."

हेमांगीने फोनवरची नजर काढून घेतली.

"आन् हे मंडळाचं पत्र. आपल्या सेवेचा टप्पा पूर्ण झाला आहे. आपण आता विश्रांती घ्यावी. पुढील बाबी संबंधित कार्यालये पाहतील. काई वाईट नाई लिहिलं हो त्याईनं. मले वाटे का काय काय लिहितीन. दोष नाई दिला. ते गेलेली पोर मले रोज दिसते, ते तं मरेपर्यंत दिसन. पण लोकाईनं दोष नाई दिला." त्यांनी डोळे पुसले. मग फोन टेबलावरून हेमांगीकडे सरकवला, अंगठा लावून, नेहमीसारखा. "एवढं पाहून दे फक्त. मले आणखी काई करा लागते काय यात? कुठं अर्ज गिर्ज? काई तारीख बिरीख?"

पट्टी तिथेच होती, कोपऱ्यात. ठिपका डावीकडे नेला असता तर सगळं जसंच्या तसं दिसलं असतं: बडतर्फी, मनुष्यहानी, फौजदारी, आजची तारीख आणि हेमांगीचा जबाब. कार्यालय बंद व्हायला अजून पुष्कळ वेळ होता. अपील इथल्या इथे, याच फोनवरून करता आलं असतं.

पुष्पाताईंनी डबा उघडला होता. "भाकर आन् झुणका हाय. अधीक्षक झाली म्हणून काई डबा नाई खात असं नको करजो."

हेमांगीने फोन उलटा करून परत दिला.

"नाही ताई," ती म्हणाली. "काही करायचं नाही. झालं सगळं."

"मंग ठीक," पुष्पाताई म्हणाल्या आणि अर्धी भाकर मोडून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.